करविणारा आणि करणारा



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा दिवस असतो, तसाच तो हिशेबाचाही दिवस असतो. पन्नास वर्षांत कोणी भूमी दिली, कोणी शिखर बांधून दिले, कोणी धर्मशाळेची खोली दिली, याचे स्मरण अशा प्रसंगी होते आणि ते होणे योग्यच आहे. परंतु जमेच्या बाजूचा एक रकाना बहुतेक संस्थांच्या वहीत कोरा राहिलेला असतो. ती मूर्ती कोणी घडविली, तो पट कोणी रंगविला, ते तोरण कोणी कोरले, हे त्या रकान्यात लिहिलेले असायला हवे होते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच कोरा रकाना हा आहे. महाराष्ट्रातील चित्रकार व शिल्पकार यांना समाजाने आणि शासनाने दिलेला आधार व सन्मान किती, कसा आणि कोठे अपुरा, याचा हा अल्पसा विचार.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरापाशी कोरलेली मराठी अक्षरे मराठी माणसाला आणि जैन माणसाला सारखीच प्रिय आहेत. मराठी भाषेच्या आरंभीच्या लेखांत त्यांची गणना होते. त्या लेखातील क्रियापद मोठे बोलके आहे. चावुंडरायाने 'करवियले', असे ते सांगते. करवियले म्हणजे करविले, दुसऱ्याच्या हातून करून घेतले. करविणाऱ्याचे नाव शिळेवर आले. एका अखंड पाषाणातून सुमारे सत्तावन्न फुटांची ती प्रशांत मूर्ती ज्याने प्रत्यक्ष केली, त्याचे नाव त्या ओळींत नाही. परंपरा अरिष्टनेमी या शिल्पकाराचे नाव सांगते, पण परंपरेने सांगणे वेगळे आणि कोरून ठेवणे वेगळे.

इतक्या दूर जाण्याचे कारणही नाही. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वर, डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या आसनावर शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा लेख आहे. वर्धनपूरच्या घराण्यातील चक्रेश्वर या दात्याचे नाव, त्याच्या वाडवडिलांची नावे, त्याचा धर्मभाव, सारे त्यात आले आहे. मूर्तिकार मात्र अनामिकच. खाली इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरील छतांवर रंगांचे अवशेष अजून दिसतात. ते रंग कोणी घोटले, ती रेषा कोणी ओढली, हे कोणालाही सांगता येत नाही.

अजिंठ्याचीही हीच कथा. सोळाव्या लेण्याच्या लेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव आहे. ज्या चित्रांसाठी जगभरचा प्रवासी या जिल्ह्यात येतो, त्या चित्रांपैकी एकाही चित्रकाराचे नाव जगाला ठाऊक नाही. कैलास लेण्याबाबत तर नियतीने विनोदच केला आहे. राष्ट्रकूट घराण्यातील कर्कराजाच्या बडोदे येथील ताम्रपटात असा उल्लेख आहे की, हे मंदिर पूर्ण झाल्यावर त्याचा कर्ता शिल्पी स्वतःच विस्मित झाला, आणि आपल्या हातून हे कसे घडले, पुन्हा असे घडविता येणार नाही, असे त्यास वाटले. लेखकाने शिल्प्याचे आश्चर्य नोंदविले, त्याचे नाव नोंदविण्याचे मात्र त्याला सुचले नाही! पुढे कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'ने पैठणच्या कोकसाचे नाव या लेण्याशी जोडले. राजशासनाने जे जपले नाही, ते लोककथेने आपल्या परीने जपले.

प्राचीन काळी अशीच रीत होती, कलावंताला नावाची हाव नव्हती, असे यावर सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराच्या लेखात गुंड या स्थपतीचे नाव आहे आणि त्याला मिळालेली 'त्रिभुवनाचार्य' ही पदवीही आहे. आठव्या शतकात चालुक्य राजसत्तेने शिल्प्याला पदवी दिली आणि ती दगडावर कोरून घेतली. होयसळांच्या मंदिरांतील मूर्तींखाली मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी आपली नावे स्वतः कोरली आहेत. अर्थात, नाव लिहिण्याची रीत या भूमीला ठाऊक होती. ती कोठे पाळली गेली, कोठे पाळली गेली नाही, एवढाच फरक.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. या काळात कलेला पहिला मोठा आधार दिला तो एका व्यापाऱ्याने. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली मुंबईत कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. त्याच १८५७ साली या शहरात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील सैनिकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि काळ्या चबुतऱ्यावर त्यांना देहदंड झाला. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात, तो हाच परिसर. एकाच वर्षी मुंबईत कलाशाळा उघडली आणि येथे बलिदान घडले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण त्या बलिदानाची स्मृती पुढे ज्या चौकाने जपली, त्या चौकाला आपले आजचे रूप देण्यासाठी शिल्पकारच लागला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जे. जे. स्कूलचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. या कामाचा खर्च तत्कालीन मुंबई सरकारने उचलला. त्यांतील अनेक प्रतिकृती लंडनमध्ये आगीत भस्मसात झाल्या, तरी उरलेल्या चित्रांवरून तयार झालेल्या ग्रंथाने अजिंठा जगापुढे ठेवला. पुढे निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले. त्या खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांचे संरक्षण झाले आणि अजिंठ्यावरील त्यांचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. शासनाने मनावर घेतले तर कलेसाठी काय होऊ शकते, याचा हा मराठवाड्यातलाच दाखला.

संस्थानिकांनीही हे ऋण मानले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आजही छोट्याशा औंध गावाला मोठे करून ठेवते. अलिबागजवळच्या सासवणे गावात देवळाच्या भिंतीवर एका मुलाने काढलेले चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी त्या मुलाच्या जे. जे. मधील शिक्षणाची व्यवस्था केली. तेच पुढे नानासाहेब करमरकर झाले. पुण्यातील छत्रपती शिवरायांचा १९२८ चा विख्यात अश्वारूढ पुतळा त्यांचाच. एका अधिकाऱ्याने थांबून भिंतीकडे पाहिले, म्हणून महाराष्ट्राला करमरकर लाभले. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली, तीही सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. महाराष्ट्रातील कलेच्या इतिहासात पेढीवर बसणाऱ्या माणसाचा वाटा असा पहिल्यापासून आहे.

पूर्वी व्यापाऱ्याच्या दुकानात दरवर्षी नवे कॅलेंडर येई. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, एस. एम. पंडित यांची चित्रे अशा कॅलेंडरांतून आणि दिवाळी अंकांतून घराघरांत पोचली. चित्राच्या कोपऱ्यात सही असे आणि सामान्य गृहिणीसुद्धा ती सही ओळखत असे. कलादालनाची पायरी कधीही न चढलेल्या कुटुंबाला चित्रकाराचे नाव माहीत होते, ही त्या काळाची श्रीमंती म्हटली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी प्रामुख्याने राज्य शासनाकडे आली. केरळात १९६२ पासून राज्याची ललितकला अकादमी आहे. महाराष्ट्रात कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. राज्य कला प्रदर्शन हे संचालनालय भरविते. व्यावसायिक कलावंत आणि विद्यार्थी यांच्यासाठी त्याचे स्वतंत्र विभाग असतात. शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षाही हेच खाते घेते. या सभागृहातील किती तरी जणांच्या घरात ती प्रमाणपत्रे जपून ठेवलेली असतील! शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि आपले छत्रपती संभाजीनगर अशा तीनच शहरांत आहेत. किलेअर्क परिसरातील आपले महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून मराठवाड्यातील मुलांना रंग-रेषांचे शिक्षण देत आहे. खेड्यातून, शेतकरी घरातून आलेल्या कित्येक मुलांना मुंबई न गाठता हे शिक्षण मिळाले, ही शासनाची जमेची बाजू आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

वृद्ध साहित्यिक व कलावंत यांच्यासाठी राज्याची मानधन योजनाही आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. २०२४ पर्यंत तीत श्रेणीनुसार २,२५० ते ३,१५० रुपये मिळत. त्या वर्षी ती रक्कम सर्वांसाठी सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली. वाढ स्वागतार्ह आहे. तरी व्यापारी माणूस लगेच भागाकार करून पाहतो. दिवसाला हे सुमारे १६७ रुपये होतात. चांगल्या प्रतीच्या तैलरंगाची मोठी नळीही त्यात येईलच असे नाही. शिवाय या योजनेचे नाव घेताच लोकांच्या डोळ्यांसमोर शाहीर, कीर्तनकार, तमाशा कलावंत उभे राहतात. त्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण एकांतात बसून काम करणारा चित्रकार 'कलाकार' या शब्दात लोकांना सहसा आठवत नाही. रंगमंचावरच्या माणसाला टाळी मिळते. चित्रकाराला टाळी नसते, आणि ज्याला टाळी नाही त्याची आठवणही लवकर पुसली जाते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शिल्पमहर्षी राम सुतार. १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे गरीब कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताने जे. जे. मध्ये शिल्पकलेचे मेयो सुवर्णपदक मिळविले. १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात नोकरी करताना त्यांनी अजिंठा व वेरूळ येथील भग्न मूर्तींच्या दुरुस्तीचे काम केले. म्हणजे या शहराच्या परिसराने हा माणूस तरुणपणी छिन्नी हातात घेतलेला पाहिला आहे. त्यानंतर ते दिल्लीस गेले. संसद परिसरातील ध्यानस्थ महात्मा गांधी त्यांनीच घडविले. १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळाही त्यांचाच, तो २०१८ मध्ये पूर्ण झाला. १९९९ मध्ये पद्मश्री व २०१६ मध्ये पद्मभूषण देऊन केंद्र शासनाने त्यांचा गौरव केला. आणि महाराष्ट्राने? राज्याचा सर्वोच्च 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. साहित्य, संगीत, क्रीडा, विज्ञान, समाजसेवा, उद्योग, चित्रपट अशी सर्व क्षेत्रे त्या यादीत येऊन गेली. शिल्पकाराची पाळी आली ती मार्च २०२५ मध्ये, जेव्हा राम सुतार वयाची शंभर वर्षे ओलांडून गेले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. सन्मान मिळाला, याचा आनंद आहे. पण तो इतका उशिरा मिळाला की अवघ्या नऊ महिन्यांनी शोकसभा घ्यावी लागली, हेही सत्य आहे.

दुसरे उदाहरण चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले हे कलावंत १९७१ मध्ये पद्मश्रीने गौरविले गेले खरे, तरी दिल्लीत अतिशय साधेपणाने, जवळजवळ विजनवासात राहिले आणि २००१ मध्ये गेले. मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे एक चित्र लिलावात ६७ कोटी रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. राज्य शासन आता त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. जिवंतपणी ज्याचे दार फारसे कोणी ठोठावले नाही, त्याचे नाव आज दुसऱ्यांच्या सन्मानासाठी वापरले जाते.

आता पुन्हा क्रांती चौकात येऊ. या चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा नवा अश्वारूढ पुतळा १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, शिवजयंतीच्या पूर्वसंध्येस लोकार्पित झाला. पुतळा २१ फुटांचा, चौथरा ३१ फुटांचा, एकूण उंची ५२ फूट. ही उंची शहरातील शाळकरी मुलगाही सांगतो. अनावरणाचा सोहळा, रोषणाई, जनसागर, सारे लोकांच्या स्मरणात आहे. पण हे शिल्प साकारणारे पुण्याचे शिल्पकार दीपक थोपटे, हे नाव चौकात उभ्या असलेल्या दहा जणांना विचारावे. कदाचित एकही उत्तर मिळणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये परदेशी पाहुण्यांच्या महिला परिषदेनिमित्त शहराच्या भिंती सुंदर चित्रांनी रंगल्या. त्या भिंतींपुढे उभे राहून लोकांनी छायाचित्रे काढली. भिंत रंगविणाऱ्या हातांची विचारपूस किती जणांनी केली?

कोणी म्हणेल, नाव कळले नाही म्हणून काय बिघडले? बिघडते, आणि कसे बिघडते ते मालवणने दाखविले. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. राज्यात सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीस कला संचालनालयाची मान्यता लागते. आपण सहा फुटांच्या प्रतिकृतीस मान्यता दिली होती, असे संचालनालयाने त्यानंतर सांगितले. साऱ्या महाराष्ट्राचे मन त्या दिवशी व्यथित झाले. पुढे त्याच जागी नवा पुतळा उभारण्याचे काम राम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल सुतार यांच्याकडे आले आणि ११ मे २०२५ रोजी त्याचे लोकार्पण झाले. यातून जो बोध घ्यायचा तो असा. जेथे कलावंताची पारख, त्याचा अनुभव, त्याला लागणारा अवधी यांस किंमत नसते आणि केवळ उद्घाटनाच्या तारखेस किंमत असते, तेथे श्रद्धास्थानही सुरक्षित राहत नाही. कलावंताचा मान ही केवळ कलावंताची गरज नाही. ती समाजाचीही सुरक्षा आहे.

या सभेत व्यापारी बांधव अधिक आहेत, म्हणून एक साधी गोष्ट. कापडाच्या ताक्यावर गिरणीचा शिक्का असतो, किनारीवर नाव छापलेले असते. ग्राहक किनार उलटून नाव पाहतो आणि मगच भाव विचारतो. नावामुळे मालाची जबाबदारी ठरते, नावामुळे पत वाढते. चार रुपयांच्या नफ्यासाठी कोणी बिननावाचा माल विकला तर त्याची पेढी फार काळ टिकत नाही. जो न्याय मांजरपाटाला, तो न्याय मूर्तीला का नसावा? या शहराच्या हिमरूची आणि जवळच्या पैठणची पैठणीची कीर्ती साता समुद्रापार आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बांगडी मोर, असावली, मुनिया अशी नक्षीला नावे आहेत. ज्या विणकराने महिनोन्महिने मागावर बसून ती नक्षी उतरविली, त्याचे नाव मात्र साडीसोबत क्वचितच येते. ते नाव एका चिठ्ठीवर लिहून साडीच्या घडीत ठेवले, तर दुकानदाराचा कागदापलीकडे काय खर्च होणार आहे?

कायदाही येथे कलावंताच्या बाजूने उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कृती विकल्यानंतरही तिच्यावर आपले नाव असावे आणि तिची विटंबना होऊ नये, हा हक्क कलावंताकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील प्रचंड कांस्यशिल्प १९७९ मध्ये भिंतीवरून काढून गोदामात टाकण्यात आले. ते न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. न्याय मिळण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला, पण तत्त्व प्रस्थापित झाले. त्याच कायद्यातील कलम ५३-अ नुसार मूळ चित्र वा शिल्प दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास कलावंतास किंवा त्याच्या वारसास किमतीचा काही अंश, दहा टक्क्यांच्या मर्यादेत, मिळू शकतो. व्यवहारात हा हक्क कोणी मागितल्याचे क्वचितच ऐकिवात येते. चित्रे व शिल्पे यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे मूळ कलाकृती विकत घेणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

जगात इतरत्र काय चालते, हेही पाहणे उपयुक्त ठरेल. फ्रान्सने १९५१ पासून शाळा-महाविद्यालयांच्या नव्या इमारतींच्या खर्चातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी राखून ठेवली आणि पुढे ही पद्धत अन्य सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, तेथील शासनाने हजारो बेकार चित्रकारांना व शिल्पकारांना पगार देऊन टपाल कार्यालये, शाळा, रुग्णालये येथे काम दिले. गवंड्याला आणि सुताराला जसे काम द्यावयाचे, तसेच चित्रकारालाही, हा त्यामागील विचार. त्यात दयाबुद्धी नव्हती, श्रमाला दाम होते. महाराष्ट्रात २०१० मध्ये सांस्कृतिक धोरण आले, २०२४ मध्ये नवे धोरण मंजूर झाले. धोरणाचे कागद झाले आहेत. आता त्यातील वाक्ये भिंतीवर उतरली पाहिजेत.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येतो. समाजात गरीब विद्यार्थी आहेत, रुग्ण आहेत, दुष्काळात पांजरपोळ चालवावयाची आहे, मग चित्रांसाठी द्रव्य खर्चणे कितपत योग्य? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. रुग्णाच्या औषधाचा पैसा चित्राकडे वळवावा, असे कोणी म्हणत नाही. परंतु संस्था मूर्ती करविते, नक्षीकाम करविते, स्मृतिचिन्हे देते, पत्रिका छापते, शोभायात्रेची सजावट करते. हा खर्च होतोच. तो कोणाच्या हाती जातो आणि कशा रीतीने जातो, एवढाच प्रश्न आहे. प्लास्टिकचे तयार स्मृतिचिन्ह घेण्याऐवजी शहरातील कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने केलेले मुद्राचित्र पाहुण्यास दिले, तर खर्च कदाचित तेवढाच राहील. पाहुण्याच्या घरी मात्र अडगळ न जाता कला जाईल.

दुसरा आक्षेप असा की, जैन परंपरेत मानकषाय त्याज्य मानला आहे. मग कलावंताने नावाचा आग्रह का धरावा? हा प्रश्न कलावंतास विचारण्यापूर्वी दानफलकास विचारला पाहिजे. दात्याने नाव नको म्हणणे हा त्याचा मोठेपणा आहे. पण दुसऱ्याचे नाव न लिहिणे हा मोठेपणा होत नाही, तो विसर असतो. गुप्तदान दाता स्वतःहून करतो. कलावंताकडून मात्र न विचारता गुप्तदान घेतले जाते. सोमनाथ मंदिराचे नवे रूप ज्यांनी योजले, त्या प्रभाशंकर सोमपुरा यांना १९७३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या सन्मानाने मंदिराचे पावित्र्य उणावले नाही.

मग समाजाने प्रत्यक्षात काय करावे? मोठ्या घोषणा नकोत. कोणत्याही मध्यम संस्थेस पेलतील अशा पाच गोष्टी पुरेत. पहिली, संस्थेच्या प्रत्येक मूर्ती, पट व नक्षीकामापाशी कलावंताचे नाव, गाव व वर्ष कोरावे. जुन्या कामांची माहिती वयोवृद्धांच्या हयातीतच विचारून नोंदवून ठेवावी, कारण तीस वर्षांनी ती सांगणारा कोणी उरणार नाही. दुसरी, कलावंताचे देयक ठरलेल्या दिवशी चुकते करावे. पेढीवर हुंडीची मुदत पाळणारा माणूस चित्रकाराला मात्र 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो, ही रीत शोभत नाही. तिसरी, कलाकृतीचे काम केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेवर देऊ नये. आधीचे काम पाहावे, जाणकाराचा सल्ला घ्यावा, पुरेसा अवधी द्यावा. चौथी, नवे बांधकाम काढताना खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखावा. दोन कोटींच्या सभागृहात हे दोन लाख होतात आणि या रकमेत मराठवाड्यातील एखाद्या तरुण चित्रकाराचे भित्तिचित्र सहज उभे राहते. पाचवी, संस्थेचे सभागृह वर्षातून एक आठवडा स्थानिक कलावंतांच्या प्रदर्शनासाठी विनाशुल्क द्यावे. नाटकासाठी या शहरात संत एकनाथ रंगमंदिर आहे, तापडिया नाट्यमंदिर आहे. रिक्षावाल्याला नुसते नाव सांगितले की तो तेथे नेऊन सोडतो. चित्रप्रदर्शनासाठी तितक्या परिचयाची जागा कोणती, असे विचारले तर जाणता नागरिकही क्षणभर थबकतो.

शासनाकडेही समाजाने एकमुखाने मागणी करावी. शहरात सार्वजनिक कलादालन असावे. सार्वजनिक पुतळ्याच्या चौथऱ्यावर उद्घाटकाच्या नावाइतक्याच अक्षरांत शिल्पकाराचे नाव असावे. शाळांतील चित्रकला शिक्षकाचे पद रिक्त राहू नये. चित्रकलेचा तास जेथे बंद पडतो, तेथे पुढच्या पिढीचा कलावंत आणि पुढच्या पिढीचा रसिक असे दोघेही एकाच वेळी नाहीसे होतात. आणि जीवनगौरव द्यावयाचा तर तो कलावंताचा हात चालता असताना द्यावा.

बंधू-भगिनींनो, वेरूळ आणि अजिंठा यांच्या कुशीत राहणाऱ्या समाजावर हे ऋण इतरांपेक्षा अधिक आहे. ज्यांची नावे काळाच्या उदरात गेली, ती आता परत आणता येणार नाहीत. पण सध्या जी मूर्ती घडत असेल, जे चित्र रंगत असेल, त्याखाली एक ओळ लिहिणे सर्वांच्या हातात आहे. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही, निधी उभारावा लागत नाही, बोलीही लावावी लागत नाही. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, ठराव करावा आणि कार्यवृत्तात तो नोंदवावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी नम्र विनंती.

शब्दांत न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.